भोंग्यावरचा लटारू

लटारू तलमलेच्या पोटात पाप नव्हतं, हे त्याचे दुश्मनही कबूल करायचे. अडचण एवढीच, की त्याच्या पोटात दुसरंही काही राहत नव्हतं. आठवलं की ओठावर, ओठावर आलं की गावात! आणि आठवायचं तरी काय, तर सगळंच. कोणाच्या लग्नात वरण खारट झालं, कोणता जावई रुसून गोठ्यात जाऊन झोपला, कोणाच्या म्हशीनं कोणाचा सदरा खाल्ला, सारं कोसमटोला गाव त्याच्या डोक्यात कोंबलेलं. एक धागा ओढला की चार गोष्टी लटकत यायच्या, आणि त्यातली नेमकी नको ती आधी बाहेर पडायची.

झिंगू पाटलाच्या तेरवीचंच घ्या. माणूस गेला, चार लोक चार बरे शब्द बोलून बसले. लटारूही उठला. "पाटील मोठ्या मनाचे," म्हणाला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. तिथंच बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. मोठ्या मनावरून त्याला पाटलांचं मोठं वांग्याचं वावर आठवलं, वावरावरून रात्रीची राखण आठवली, आणि राखणीवरून ती राखण करताना पाटील शेजारच्याच वावरातली वांगी कशी तोडायचे, तेही आठवलं. पाटलीणबाई तेरवीच्या पंगतीतून उठून गेल्या. लटारूला काय झालं तेच कळेना. "मी तं चांगलंच सांगून राह्यलो होतो," तो बायकोला म्हणाला.

बायको मनकर्णा. तिनं या माणसाबरोबर वीस वर्षं संसार केला, यातच तिचं मोठेपण आलं. ती म्हणायची, "तुमच्या डोक्याले दार आहे जी, पन दाराले कवाड नाई."

डोमाभाऊ ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा त्याला कोणी अक्कल दिली देव जाणे, त्यानं ओळख करून द्यायला लटारूलाच बोलावलं. लटारूनं ओळख करून दिली. "डोमाभाऊ जिद्दीचा मानूस आहे! चौथीत तीनदा नापास झाला, मास्तर बदलले, पन यानं शाळा नाई बदलली." गाव हसून हसून आडवं झालं आणि डोमाभाऊ त्या निवडणुकीत त्याहून आडवा झाला.

अशा माणसाचा साऱ्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी उपयोग होता, तो म्हणजे शंकरपटात.

दिवाळी सरली, धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत पट भरतात. बैलजोड्या छकड्याला जुंपून धावतात, आणि मचाणावर एकजण भोंग्यातून बोलत असतो. पट म्हणजे नुसती शर्यत नव्हे बाप्पा! घरोघरी पाहुणे उतरतात, कोंबड्या कापल्या जातात, पोरी दाखवल्या जातात, अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी पटाच्या दिवसांत जुळतात. कोसमटोल्याच्या पटाचा भोंगा लटारूच्या हाती होता. जोडी मैदानात आली की तो बैलांची पिढी काढायचा. माय कोणती, मायची माय कोणती, कोणत्या बाजारातून आली, कोणाच्या दाव्याला वाढली. लोक नदी ओलांडून ते ऐकायला यायचे. बैलांबद्दल काहीही बोललं तरी बैल रुसत नाहीत, म्हणून हे बरं चाललं होतं.

बैल रुसत नाहीत, मालक रुसतो. आणि असा एक मालक होता, मुखरू पिलारे.

मुखरू वैनगंगेपल्याडच्या बेलटोल्याचा. तरुणपणी त्याच्याकडं बगळ्या नावाचा पांढराशुभ्र बैल होता. पाखरासारखा पळायचा. एका पटात मुखरू स्वतः छकड्यावर बसला आणि जोडी सुटली. सगळ्यांच्या पुढं होती. पण अर्ध्या मैदानात बगळ्यानं मान वळवली, जोडीदाराला ओढलं, दोरी तोडली, माणसं पांगवली, आणि छकडा, मुखरू, मुखरूचा गुलाबी फेटा, असं सारं घेऊन तो थेट गावाबाहेर सोमारीबाईच्या मोहाच्या दारूच्या भट्टीवर जाऊन थांबला. थांबला तो थांबलाच. दर बाजाराला मालक त्याला तिथंच नेऊन बांधायचा, बिचाऱ्याला वाटलं आजही तिकडंच जायचं असेल! सोमारीबाईनं म्हणे सवयीनं गिलास पुढं केला.

यावर लटारूसारखा माणूस गप्प बसणार? पुढचे कितीतरी पट, मुखरूची जोडी दिसली की भोंगा सुरू. "आले, आले, मुखरूभाऊ आले! सोमारीबाई, गिलास धुवून ठेव वो!" शेवटी मुखरूनं कोसमटोल्याच्या पटात पाय ठेवणं सोडलं. पुढं त्यानं गळ्यात माळ घातली, भजनी मंडळ काढलं, त्याच्या शब्दाला वजन आलं. तेवढ्यात जिल्हाही फुटला. बेलटोला गडचिरोलीत गेलं, कोसमटोला चंद्रपुरातच राहिलं. लटारू म्हणायचा, "मुखरूभाऊ इतका रुसला का जिल्हाच बदलून बसला."

आता नशिबाची गंमत बघा. लटारूची एकुलती पोरगी भागीरथा मार्कंड्याच्या जत्रेत गेली आणि तिथं तिला एक वनरक्षक पोरगा दिसला. उंच, सावळा, बोलायला मवाळ. पोरीनं घरी येऊन आईला सांगितलं, आणि आईनं तपास काढला. तर तो निघाला खुशाल पिलारे. मुखरूचा मुलगा!

मनकर्णानं कपाळावर हात मारला. पण पोरगी अन्नावरून उठू लागली, तशी तिनं मावसबहीण बायनाबाईला नदीपल्याड पाठवलं. सोयरिकी जुळवण्यात बायनाबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती दोन दिवसांनी परत आली, ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "पोट्टा तयार आहे. माय तयार आहे. बाप म्हणते, यंदा मी कोसमटोल्याच्या पटात माही जोडी घेऊन येतो. त्या मानसाच्या तोंडून ते भट्टीची गोष्ट निंघाली तं सोयरीक नाई. नाई निंघाली तं पोट्टी माही सून, आन तो माहा इवाई."

मग लटारू म्हणाला, "एवढंच ना? नाई सांगत."

त्यावर मनकर्णा हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी लटारूच्या ध्यानात आलं, की आपण ती गोष्ट विसरायची ठरवल्यापासून दुसरं काही आठवतच नाही. आंघोळीला बसला, बगळ्या. जेवायला बसला, बगळ्या. मनकर्णानं पेल्यात पाणी दिलं तर त्याच्या तोंडून निघालं, "सोमारीबाई, ठेव तिथं." भागीरथा ताट सोडून उठली आणि आत जाऊन दार लावून बसली.

आता मात्र दोस्ताकडं जाणं भाग होतं. त्यानं सायकल काढली आणि ब्रह्मपुरी गाठली. तिथल्या कालेजात गुलाब मेश्राम प्राणिशास्त्र शिकवायचा. चौथीपर्यंत दोघं एका बाकावर. लटारू चौथीनंतर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात उतरला. गुलाब शिकत शिकत नागपूरला गेला आणि प्राध्यापक होऊन परतला. पण दोस्ती जुन्या घोंगडीसारखी, वास आला तरी ऊब तीच.

सगळं ऐकून गुलाब आधी पोट धरून हसला. मग चष्मा पुसत म्हणाला, "अबे लटारू, तुले राइस मिलचा आवाज येऊन राह्यला का?"

"कोनती मिल?" लटारूनं विचारलं, आणि लगेच दचकला. घरामागंच मिल धडधडत होती. आल्यापासून धडधडत असणार!

"एवढा मोठा आवाज तुह्या कानात जात होता, पन तुले ऐकू येत नव्हता. काऊन? मेंदूत नुसत्या 'चल, बोल' म्हननाऱ्या पेशी नसतात गा. 'चूप बस' म्हननाऱ्याही असतात. त्यायनं मिलले चूप केलं, म्हून तुले माहे शब्द ऐकू आले. डोळ्याचंही तेच, आठवणीचंही तेच. एक गोष्ट आठवाची तं तिच्या आजूबाजूच्या धा गोष्टी दाबून ठेवा लागतात. विसरनं म्हंजे मेंदूचा आळस नाई. काम आहे ते, मोठं काम."

लटारूनं हे आपल्या शेतावर बसवून पाहिलं. "म्हंजे बांधीच्या धुऱ्यासारखं? मातीचे ते धुरे नसले तं पानी थांबत नाई, आन पानी थांबलं नाई तं धान नाई."

"बरोब्बर! तुह्या डोक्यात पानी भल्लं आहे, धुरे फुटले आहेत."

"मंग बांधून दे ना."

"मी मास्तर आहे, गवंडी नाई," गुलाब म्हणाला. "पन एक सांगतो. 'हे आठवाचं नाई, हे आठवाचं नाई' असं म्हटलं का ते दुप्पट आठवते. त्यापेक्षा त्याच्या जागी दुसरं काई धर. भट्टी आठवली का बैलाची पिढी सांगाले लाग. तोंड रिकामं ठेवू नोको."

लटारूला हे पटलं. तोंड रिकामं न ठेवणं हा उपाय त्याला फार सोयीचा वाटला. एकच वाईट झालं, ती राइस मिल आता काही केल्या कानातून जाईना. परतीच्या वाटेवर नदीकाठापर्यंत धडधड धडधड.

मग अंगणात तालीम सुरू झाली. मनकर्णा कमरेला पदर खोचून मुखरू व्हायची आणि दाराच्या चौकटीतून ऐटीत आत यायची. लटारू उलटी केलेली घागर तोंडाशी धरून बोलायचा. "आता मैदानात येऊन राह्यली बेलटोल्याची जोडी! मालक मुखरूभाऊ पिलारे, भजनी मंडळाचे प्रमुख, सज्जन मानूस, निर्व्यसनी..."

"निर्व्यसनी नोका म्हनू!" मनकर्णा ओरडायची. "निर्व्यसनी म्हटलं का व्यसन आठवते."

"मंग काय म्हनू?"

"सज्जनावर थांबा."

सज्जनावर थांबायला तो शिकला. 'भजन' शब्दही काढून टाकला, कारण भजनावरून भट्टी फार लांब नव्हती. पटाच्या आदल्या दिवशी तर संपूर्ण तालीम बिनचूक झाली, तेव्हा भागीरथा पहिल्यांदा खोलीबाहेर आली आणि बापाच्या पाया पडली. "बाबा, येवढं करा जी," म्हणाली. पोरीनं आजवर त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तर हे! लाखाची वस्तू मागितली असती तरी त्याला सोपं गेलं असतं.

काही शहाण्यांनी सुचवलं, की लटारूनं त्या दिवशी आजारी पडावं. पण ते कसं जमणार? प्रत्येक जोडीची पिढी लटारूनं सांगायची ही रीत, आणि एकट्या मुखरूच्या जोडीची ती नाही सांगितली तर तो पाहुण्याचा अपमान. बोललं तरी पंचाईत, न बोललं तरी पंचाईत.

पटाचा दिवस उजाडला. मैदान भरलं. झाडांवर माणसं, बैलबंड्यांवर माणसं, चहा-भज्यांचे धूर. मुखरू पिलारे पांढऱ्या धोतरात, पांढऱ्या फेट्यात मैदानाच्या टोकाला उभा होता, मागं खुशाल. मचाणाखाली मनकर्णा बसली होती, तिच्या आड भागीरथा. आणि वर लटारू. पहिल्या जोड्या झाल्या. आज तो असा काही बोलत होता, की म्हातारेसुद्धा माना डोलावत होते.

मग बेलटोल्याची जोडी आली.

छकड्यावर मुखरूचा हाकणारा सुकलू बसलेला. डावीकडचा बैल पांढराशुभ्र. लटारूनं तो बैल पाहिला. थेट बगळ्याचं तोंड! पण त्यानं भोंग्याचा डबा, म्हणजे बोलायचा माइक, घट्ट धरला आणि सुरू केलं. "आता मैदानात येऊन राह्यली बेलटोल्याची जोडी! मालक मुखरूभाऊ पिलारे. सज्जन मानूस!" थांबला. जमलं. खाली मनकर्णानं श्वास सोडला.

आता जागा भरायची. भट्टी आठवू लागली होती, म्हणून त्यानं गुलाबनं सांगितल्याप्रमाणं पिढी धरली. "उजवा बैल लाखांदूरच्या बाजारचा, पायाचा हलका! आन डावा? डावा घरचा! याची माय कपिली, कोसभर दूध... कोसभर नाई, घडाभर दूध देनारी! कपिलीची माय गौरी, शिंगं अशे का डोली वाटावी! आन गौरीचा सख्खा भाऊ..."

आणि लटारू थांबला.

गौरीचा सख्खा भाऊ बगळ्या. लटारू ज्या वाटेनं पळून जात होता तीच वाट भट्टीवर जात होती! त्या गुलाबला एवढं शिकून हे कळू नये? जिभेच्या टोकावर बगळ्या उभा होता, खूर घासत होता. लटारूनं दात आवळले. डोळे मिटले. कपाळावरच्या शिरा फुगल्या. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते काम त्याचं डोकं करत होतं, आणि बांधीत दिवसभर चिखल तुडवूनही इतका दम कधी लागला नव्हता.

भोंगा गप्प झाला.

कोसमटोल्याच्या पटात भोंगा बोलता बोलता गप्प झाला, हे कोणी ऐकलं नव्हतं. भजी तळणारा झारा हातात धरून वर बघू लागला. एक पोर रडत होतं तेही थांबलं. एवढ्या माणसांच्या कानात ते अर्धं वाक्य लोंबकळत राहिलं: गौरीचा सख्खा भाऊ... गौरीचा सख्खा भाऊ... आणि लोकांना राहवतं होय? कुठल्याशा बंडीवरून एक म्हातारा ओरडला, "बगळ्या!" दुसरीकडून आवाज आला, "भट्टीवाला!" आणि मग सारं मैदान एका सुरात गरजलं, "गेला गेला, भट्टीवर गेला!"

हसण्याचा असा लोट उठला, की झाडांवरचे कावळे उडाले. मनकर्णानं पदरात तोंड लपवलं. लटारू मचाणावर मटकन खाली बसला. त्यानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, आणि साऱ्या पटाला ऐकू गेलं होतं.

मुखरू पिलारे मैदानातून चालत निघाला. गर्दी फाटत गेली. मचाणाच्या शिडीवर तो चढू लागला तेव्हा हसणं आपोआप विरलं. वर येऊन तो लटारूसमोर उभा राहिला. लटारूच्या हातातला भोंग्याचा डबा सुरूच होता. त्याला त्याचं भान नव्हतं.

"काऊन थांबले?" मुखरूनं विचारलं. ते साऱ्या मैदानाला ऐकू गेलं.

"आठवलं नाई," लटारू म्हणाला.

हे ऐकून खाली पुन्हा खसखस पिकली. लटारू तलमलेला आठवलं नाही! मुखरू मात्र हसला नाही. "खरं सांगा."

आणि लटारूचा बांध फुटला. "काय सांगू मुखरूभाऊ! जिभीवर होतं, गिळलं. महिनाभरापासून गिळून राह्यलो. माही पोट्टी जेवत नाई जी! मार्कंड्याले तुमचा खुशाल पाह्यला तवापासून तिले दुसरं काई सुचत नाई. तिले तुमचंच घर पायजे. मी म्हटलं, या गोष्टीपाई माह्या लेकराचं घर मोडाले नोको. मी नाई बोललो, भाऊ. आईशप्पत, मी नाई बोललो."

हे सगळं भोंग्यातून मैदानभर, नदीपर्यंत गेलं. भागीरथा उठली आणि ओढणीत तोंड झाकून घराकडं पळत सुटली. खुशालचे कान लाल झाले आणि तो खाली बघून चपलेनं माती उकरू लागला. पोरीकडच्यांनी जे कधीच उघड बोलायचं नसतं, ते बापानं पाच गावांना सांगून टाकलं होतं. एक राखलं, दुसरं सांडलं! मनकर्णानं आता पदरही सोडून दिला. लपवायला उरलं काय होतं?

मुखरूनं हात पुढं करून भोंग्याचा डबा घेतला.

"तुमी सारे हासले," तो मैदानाकडं पाहून म्हणाला. "हासा. बगळ्या भट्टीवर गेला, ते खरं आहे. या लटारूभाऊनं ते गोष्ट किती साल सांगितली. पन तिथंच सोडली." त्यानं डबा तोंडाशी आणखी जवळ धरला. "बगळ्या जाऊन थांबला. सोमारीबाईनं गिलास समोर केला. मी बगळ्याच्या तोंडाकडं पाह्यलं. जनावर माह्याकडं पाहून राह्यलं होतं, का मालक, पोचवलं तुले, आता खुश? मले भल्ली लाज वाटली. मी गिलासाले हात नाई लावला. बैल सोडले आन पायी घरी गेलो. त्या दिवसापासून आजपावतर थेंब नाई घेतला. लोक म्हंते मुखरूले माळेनं सुधरवलं. मले बैलानं सुधरवलं. पन ते कोनी इचारलंच नाई. भोंगा सुरू होता ना."

लटारूचं तोंड उघडंच राहिलं. गावातल्या म्हशींची बाळंतपणं ज्याला पाठ, त्याला गोष्टीचा हा अर्धा भाग ठाऊकच नव्हता. इतकी वर्षं तो स्वतःच इतका बोलत होता, की हा भाग ऐकायला त्याला उसंतच मिळाली नव्हती.

"मले हे माहीत नव्हतं, भाऊ," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण कोणी ओळखला नसता.

मुखरूनं डबा परत त्याच्या हातात दिला आणि खांद्यावर हात ठेवला. "आता माहीत झालं ना? मंग सांगा."

"सांगू?"

"सांगा. दरसाली सांगा," मुखरू म्हणाला. "पन पुरी सांगत जा, इवाई."